वस्तरा ओढतोय? बारीक दगड राहू दे, जाड्या दगडाकडे परत जा

प्रश्न: आजोबांचा जुना वस्तरा कपाटात सापडला. व्हिडिओ बघून बघून १०००, ४०००, ८००० असे धार लावायचे दगड घेतले (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), मग १२००० चा पण घेतला. दीड महिना झाला, रोज घासतोय, चामड्याच्या पट्ट्यावर शंभर शंभर वेळा फिरवतोय. हातावरचे केस सटासट जातात पण गालावर लावला की ओढतो, आणि हनुवटीखाली तर नुसती आग आग. आता अजून बारीक दगड घ्यावा की धारेसाठीची ती हिरवी पेस्ट?

उत्तर: दोन्ही नको. पैसे खिशात ठेवा आणि १००० चा दगड परत बाहेर काढा.

मला जे प्रश्न येतात त्यातले निम्मे हेच असतात आणि कारणही जवळपास प्रत्येक वेळी एकच निघतं, की पहिल्या दगडावर काम अर्धवट सोडलेलं असतं आणि माणूस पुढच्या दगडांवर ते भरून काढायला बघतो. ते भरून निघत नाही. छपराचे दोन उतार वर आढ्याला भेटतात ना, तसंच पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार (बेव्हल म्हणतात ते) टोकापासून मुठीपर्यंत एका रेषेत भेटायला लागतात. ते भेटलेच नसतील आणि मध्ये केसाच्या शंभराव्या भागाइतकी जरी बोथट पट्टी राहिली असेल तर तुमचा १२००० चा दगड त्या पट्टीला शिवतही नाही, तो बाजूचे उतार आरशासारखे चकचकीत करत बसतो. दिसायला झकास, दाढीला बेकार.

आणि हातावरचे केस गेले म्हणजे धार आली असं नाही हो. १००० च्या दगडावरून उतरलेलं पातं पण हातावरचे केस कापतं. त्याने दाढी करून बघा, म्हणजे करू नका.

साधा मार्कर घ्या, काळा किंवा निळा. धारेच्या दोन्ही बाजूंना अगदी कडेपर्यंत रंगवा, दगडावर पाणी शिंपडा, पातं सपाट ठेवा म्हणजे पाठ (धारेच्या समोरची जाड कड) आणि धार दोन्ही टेकलेली, आणि धार पुढे ठेवून दोन-तीन वेळा हलक्या हाताने न्या. आता उजेडात बघा. शाई सगळीकडून गेली असेल तर ठीक, पण बहुतेक वेळा काय दिसतं, उतारावरची गेलेली असते आणि अगदी कडेला बारीक काळी रेघ तशीच. ती रेघ म्हणजे तुमचा दीड महिना. जुन्या पात्यात हे टोकाला किंवा मुठीजवळ जास्त होतं कारण पातं किंचित वाकलेलं किंवा एकीकडे जास्त झिजलेलं असतं, म्हणून सरळ रेषेत न घासता तिरकं न्यायचं, मुठीकडून सुरू करून शेवटी टोक दगडावर राहील असं.

किती वेळा घासायचं ते विचारू नका, आकडा नसतो. मला एका पात्याला वीस मिनिटं लागलीत आणि एकाला दोन संध्याकाळी. पाण्याकडे बघा, ते सांगतं. बेव्हल बसत आला की धारेपुढे पाण्याची बारीक लाट तयार होते आणि ती पूर्ण लांबीभर सारखी पात्यावर चढायला लागते, जिथे चढत नाही तिथे धार टेकतच नाहीये. मग हाताचे केस, पण एका जागी नाही, टोक, मध्य, मुठीजवळ असं बोटा-बोटाच्या अंतराने सगळीकडे तपासा. एक इंच जरी कापत नसेल तरी ४००० ला हात लावायचा नाही.

एवढं झालं की पुढचं सोपंय, खरंच. ४००० वर आधीचे ओरखडे जाईपर्यंत, ८००० वर ४००० चे जाईपर्यंत. दहापट दाखवणारं स्वस्तातलं भिंग असलं तरी पुरतं. १००० च्या दगडातले कण साधारण १२ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि ८००० चे जेमतेम सव्वा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे खोल ओरखडा राहिला तर बारीक दगडावर तो काढायला जन्म जाईल. १२००० वर शेवटच्या वीसेक फेऱ्या फक्त पात्याच्या स्वतःच्या वजनावर, बोटांनी नुसती दिशा द्यायची.

दाब हा दुसरा गुन्हेगार. आपल्याला सुरीची सवय असते, जोर लावला की लवकर होईल असं वाटतं. पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट केलेलं पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की जरा दाबलं तर ते लवतं आणि जिथे घासायला पाहिजे तिथे न घासता मागे घासतं. मी माझा पहिला वस्तरा असाच घालवला, धार आली नाही ती नाहीच, पाठीवर मात्र चांगली दोन मिलिमीटर रुंद पट्टी झिजवून ठेवली. अजून ड्रॉवरमध्ये आहे, फेकवत नाही.

एक राहिलंच. दगड सपाट आहे का बघा. पेन्सिलने त्यावर चौकडी काढा आणि काचेवर पाण्याचा सँडपेपर ठेवून त्यावर दगड घासा, मधल्या रेघा शेवटपर्यंत राहिल्या तर मध्ये खड्डा आहे. दीड महिना रोज वापरलाय म्हणताय, असणारच.

प्रश्न: वस्तऱ्याच्या पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावून घासावं की नाही? एकजण म्हणतो लावाच, दुसरा म्हणतो पाप आहे.

उत्तर: पाप-बिप काही नाही. वस्तऱ्याचा कोन आपण ठरवत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून ठरवतात. पातं १६ मिलिमीटर रुंद, पाठ पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास, तर धारेचा एकूण कोन साधारण १७ अंश. टेपचा एक थर ०.१५ मिलिमीटरचा धरला तर दोन्ही बाजू मिळून कोन साधारण एक अंशाने वाढतो, बस. दाढीत फरक कळणार नाही. पाठीवर नक्षी असेल किंवा पाठ आधीच झिजून पातळ झाली असेल तर जरूर लावा. फक्त एकदा टेप लावून बेव्हल बसवला की शेवटच्या दगडापर्यंत टेप पाहिजेच, नाहीतर मधेच काढलीत की धार दगडाला टेकणारच नाही आणि तुम्ही परत मला लिहाल. टेप घासून फाटते, प्रत्येक दगडाला नवीन लावा.

प्रश्न: दगडावरून उतरल्यावर पहिली दाढी एकदम मस्त होते. मग पट्ट्यावर फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी जास्तच ओढतो! पट्टा खराब आहे का?

उत्तर: पट्टा नाही, मनगट. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे, हे माहीत असेलच. गडबड होते ती वळताना. पट्ट्याच्या टोकाला पोचल्यावर आधी थांबायचं, मग पाठ चामड्यावर टेकलेलीच ठेवून धार वरून पलटायची आणि मग परत यायचं. घाईत लोक धारेवरूनच पलटतात किंवा पाठ जराशी उचलतात, आणि ती धार एवढी नाजूक असते की तेवढ्यात दुमडते. पट्टा ताणून धरा, ढिला राहिला की तो धारेला गोल वळसा घालतो. आधी कापडी बाजूवर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास-साठ, सुरुवातीला अगदी गोगलगायीसारख्या. वेग आपोआप येतो, नाही आला तरी चालतं, कोण बघतंय. पट्ट्याला चीर पडली असेल तर कडा बारीक सँडपेपरने सपाट करा, वर आलेली कड धारेला लागता कामा नये.

आणि आता जी धार दुमडलीय ती आणखी पट्ट्याने नीट होईल अशी आशा नको, १२००० वर दहा-पंधरा हलक्या फेऱ्या द्या.

प्रश्न: केस एवढे मऊ आणि स्टील एवढं कडक, मग धार जाते कशी? किती दिवसांनी दगडावर घ्यायचं?

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या लोकांनी नेमकं हेच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं, २०२० साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलं. केस स्टीलपेक्षा साधारण ५० पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडतात. स्टीलची रचना आतून सगळीकडे सारखी नसते, आणि वाकलेला केस धारेवर तिरका आला की कमजोर जागी टवका निघतो. म्हणजे धार नुसती झिजत नाही, तुटते पण. त्यांनी साध्या रेझरच्या ब्लेडवर बघितलं होतं, पण वस्तऱ्यालाही शेवटी तोच केस कापायचाय.

म्हणून दाढी आधी भिजवा. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मुरलं की केस खूप मऊ होतो, हे दगडापेक्षा स्वस्त. दिवसाआड दाढी आणि पट्टा नीट फिरवत असाल तर काही महिने सहज जातात, मग बारीक दगडावर थोडं. हिरवी पेस्ट (क्रोमियम ऑक्साईड, साधारण अर्ध्या मायक्रॉनची) इथे कामाची, पाच-दहा फेऱ्या, पण चामड्याच्या मुख्य पट्ट्याला लावू नका, वेगळा तुकडा ठेवा. झाल्यावर पातं पुसून पूर्ण कोरडं करा, कार्बन स्टील असेल तर एका रात्रीत धारेवर गंज बसतो आणि महिन्याभराची मेहनत गेली.

प्रश्न: तुम्ही सांगता तसं सगळं केलं, गाल एकदम छान, फक्त मानेवर आग होते.

उत्तर: मग दगडांना त्रास देऊ नका. पातं फार उभं धरताय. पाठ त्वचेपासून पाठीच्याच दीड-दोन जाडीइतकी वर ठेवा, दुसऱ्या हाताने कातडी ताणा, आणि मानेवर केस कुठल्या दिशेला उगवतात ते आधी बोट फिरवून बघा, बऱ्याच जणांचे तिथे आडवे असतात.