एंडोस्कोपीच्या अहवालात जठरात ‘इरोजन्स’ असे लिहिले आहे. म्हणजे अल्सरच का?

नाही, इरोजनमध्ये जठराच्या अस्तराचा केवळ वरचा थर खरवडल्यासारखा होतो, तर अल्सर त्याखालच्या थरांपर्यंत खोल जातो. म्हापशातील एका रुग्णालयाच्या एंडोस्कोपी कक्षात मी परिचारिका आहे. पडद्यावर इरोजन्स लालसर कडेचे, मध्ये पांढुरके, सहसा 5 मिलिमीटरहून लहान ठिपके दिसतात. कारण बहुधा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा मद्य (फेणी ‘औषध’ म्हणून घेणारेही त्यात आले). या जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली असल्यास पॅन्टोप्राझोलची (जठरातील आम्ल कमी करणारी) गोळी डॉक्टरांना विचारून 2 आठवडे आधी थांबवावी लागते, अन्यथा जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. मात्र शौच डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर अहवालात काहीही लिहिलेले असो, तत्काळ रुग्णालय गाठावे.