जॅक किती टनांचा, हा प्रश्न शेवटी

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलात राहतो. घरात एक जुनी पेट्रोल हॅचबॅक असून वडिलांची सात आसनी डिझेल एसयूव्हीही येथेच उभी असते. चाकांची अदलाबदल, ब्रेक पॅडची पाहणी आणि पावसाळ्यानंतर गाडीखाली साचलेला चिखल काढणे ही कामे सुटीच्या दिवशी स्वतः करावीत, असा विचार आहे. गाडीबरोबर मिळालेला कैची जॅक फार वेळ घेतो आणि डळमळतो, म्हणून तेलाच्या दाबावर उचलणारा आणि लहान चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक घ्यायचा आहे. दुकानदार तीन टनांचा घ्या म्हणतात, शेजारी दोन टनांचा पुरेसा आहे म्हणतात, तर एका मित्राच्या मते बाटलीसारखा उभा असणारा बाटली जॅक कमी किमतीत तेच काम करतो. काय घ्यावे?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : दोन टन की तीन टन, हा वाद आपल्या दोन्ही गाड्यांच्या बाबतीत वजनापुरता तरी फारसा महत्त्वाचा नाही. जॅक कधीच सबंध गाडी उचलत नाही. तो एक कोपरा किंवा फार तर एक बाजू उचलतो, आणि उरलेला भार जमिनीवर टेकलेल्या चाकांवरच राहतो. साध्या हॅचबॅकचे वजन ९०० किलोच्या आसपास धरले, तर दाराखालच्या ठरलेल्या जागी जॅक लावून पुढचा कोपरा उचलताना त्यावर येणारा भार अर्ध्या टनाच्याही आत असतो. दोन टनांहून थोडी अधिक भरणारी मोठी एसयूव्ही घेतली तरी तिच्या एका बाजूचा भार एक टनाच्या थोडा पुढे जाईल. तेव्हा टनांचा आकडा बाजूला ठेवावा आणि आधी घरातली मोजपट्टी घेऊन खाली पार्किंगमध्ये जावे.

मोजायच्या गोष्टी दोन आहेत. पहिली म्हणजे जॅक पूर्ण खाली असताना त्याच्या सॅडलची, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या डोक्याची, उंची. बाजारातल्या बहुतेक लहान ट्रॉली जॅकची ही किमान उंची १३० ते १३५ मिलिमीटर असते आणि कमाल उंची ३३० ते ३५० मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्या हॅचबॅकच्या दाराखालची शिवण, म्हणजे पत्र्याची उभी कड, जमिनीपासून समजा २०० मिलिमीटरवर आहे. चारही चाकांत हवा असताना जॅक सहज आत जातो, आणि दुकानात किंवा घरी पाहणी करताना आपण नेमकी हीच अवस्था पाहतो. पण हवा जाऊन चाक पूर्ण बसले की टायरची बाजू चेपून गाडीचा तो कोपरा सहा-सात सेंटिमीटर खाली येतो, आणि मग हाच जॅक आत जाता जात नाही. पंक्चरसाठीही जॅक वापरायचा असेल, तर ८० ते १०० मिलिमीटर किमान उंचीचा, म्हणजे लो प्रोफाइल जातीचा जॅक पाहावा. तो केवळ घरच्या सावकाश कामांसाठी हवा असेल, तर एवढ्या खर्चाची गरज नाही.

दुसरी गोष्ट कमाल उंची. जॅक वर जाऊ लागतो तेव्हा चाक लगेच सुटत नाही. आधी स्प्रिंग मोकळी होते, गाडीचे अंग वर येते आणि चाक मात्र बराच वेळ जमिनीलाच चिकटून राहते. हॅचबॅकमध्ये आठ-दहा सेंटिमीटर असेच निघून जातात. चासीवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या उंच एसयूव्हीमध्ये मुळात चासीच जमिनीपासून वर असते आणि सस्पेन्शनचा प्रवासही मोठा असतो, त्यामुळे ३३० मिलिमीटरचा जॅक शेवटपर्यंत पंप केला तरी चाक जमिनीवरच, असा प्रकार होतो. मग लोक सॅडलवर लाकडाचे ठोकळे रचतात, आणि हे ठोकळेच सर्वांत आधी घसरतात. तीन टनांचे बरेच जॅक ४५० ते ५०० मिलिमीटरपर्यंत उचलतात आणि त्यांचा पाया रुंद असतो. दुकानदाराचा सल्ला या कारणाने योग्य ठरतो, वजनाच्या कारणाने नव्हे. मात्र असा जॅक ३० किलोच्या घरात जातो, आणि तो वरच्या मजल्यावरील घरातून लिफ्टने खाली नेऊन पुन्हा वर आणणे ही हौस दोन-तीन रविवारांतच ओसरते. पार्किंगजवळ कुलूपबंद कपाट नसेल, तर हॅचबॅकपुरता दहा किलोच्या आसपासचा दोन टनी जॅक घ्यावा आणि एसयूव्हीचे काम गॅरेजवर सोपवावे, असे माझे मत आहे.

आता जमिनीकडे वळू, कारण ठाण्यातल्या संकुलांमध्ये खरी अडचण तेथेच आहे. ट्रॉली जॅकची भुजा मागच्या खिळीभोवती फिरते, त्यामुळे सॅडल सरळ उभ्या रेषेत न चढता कमानीत चढते आणि चढता चढता दांड्याच्या बाजूला सरकते. गाडी जागेवर असल्याने ही भरपाई जॅकला स्वतःच्या लोखंडी चाकांवर गाडीखाली पुढे सरकून करावी लागते. गुळगुळीत कोब्यावर हे कळतही नाही. पेव्हर ब्लॉकवर मात्र ती लहान चाके दोन ब्लॉकांमधल्या फटीत अडकतात, जॅक पुढे जात नाही, आणि सॅडल शिवणीवरून इंचाइंचाने निसटू लागते. वरून पाहणाऱ्याला गाडी उचलली जात असल्याचेच दिसत असते. अशा ठिकाणी १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड, जॅकची चारही चाके शेवटपर्यंत त्यावरच राहतील एवढा मोठा, खाली घालावा. त्याची जाडी जॅकच्या किमान उंचीत मिळवूनच हिशेब करावा. उताराची शंका असल्यास पाण्याची भरलेली गोल बाटली जमिनीवर आडवी ठेवावी; ती घरंगळली तर त्या जागी जॅक लावू नये. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडील अनेक संकुलांतील मोकळ्या जागा डोळ्यांना सपाट वाटतात आणि प्रत्यक्षात तशा नसतात. यांत्रिक बहुमजली पार्किंगच्या पत्र्यावर तर हे काम अजिबात करू नये.

बाटली जॅकबद्दल आपल्या मित्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो स्वस्त आहे आणि दणकट आहे, पण त्याची किमान उंचीच १५ ते २० सेंटिमीटर असते, बूड लहान असते आणि डोके त्याहून लहान. टेम्पो किंवा ट्रकच्या ॲक्सलखाली तो शोभतो. हॅचबॅकच्या पातळ शिवणीखाली नाही.

शिवणीचा उल्लेख वारंवार आला, तेव्हा ती एकदा नीट पाहून घ्यावी. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेला बहुधा दोन छोट्या खाचा किंवा खुणा असतात. त्या दोन खाचांमधला भाग आतून मजबूत केलेला असतो, आणि जॅक लावायची जागा तीच. कैची जॅकच्या डोक्यात या कडेसाठी चीर असते. ट्रॉली जॅकचे सॅडल मात्र सपाट किंवा दातेरी असते आणि ते ही कड वाकवून टाकते, रंग उडतो, आणि आपल्याकडच्या पावसात तेथूनच गंज धरतो. म्हणून मधोमध खाच असलेला जाड रबरी पॅड जॅकबरोबरच घ्यावा. इंजिनचा ऑइल संप (तळचे तेलाचे भांडे), गिअरबॉक्स किंवा रेडिएटरखालची पट्टी यांना जॅक लावू नये. मधल्या आडव्या तुळईला लावता येतो की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

आपण विचारले नाही, पण जॅकसाठी ठेवलेल्या रकमेतून आधी जॅक स्टँडची, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या तिवयांची, जोडी बाजूला काढावी. हायड्रॉलिक जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. आतला सारा भार तेलावर आणि ते अडवणाऱ्या एका लहानशा झडपेवर असतो, आणि तेल अडवणारे रबरी सील फाटले तर ते पूर्वसूचना देऊन फाटत नाही. चाक बदलण्यापुरता जॅक पुरेसा आहे, परंतु हात, डोके किंवा छाती गाडीखाली जाणार असेल तर गाडी स्टँडवर टेकलेलीच हवी. स्टँड दातेरी असावेत, त्यांना वेगळी अडकवण-पिन असावी, आणि छापलेला आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, हे विचारून घ्यावे. विटा आणि पोकळ सिमेंटचे ब्लॉक वापरू नयेत; ते तडा न दाखवता एकदम फुटतात. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय मात्र अवश्य उचलावी.

हँडब्रेकविषयीही एक सांगतो. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांवर लागतो. मागची दोन्ही चाके उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो, आणि पुढची मोकळी चाके गाडीला जॅकवरून ढकलू शकतात. तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. नटही चाक जमिनीवर असतानाच पान्ह्याने अर्धी फेरी सैल करावेत.

खरेदीसाठी मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवर अवजारांची दुकाने ओळीने आहेत, आणि तेथे हात लावून पाहता येते, हा मोठा फायदा आहे. वेल्डिंग सलग आहे का, चाके धातूची आहेत का, सॅडल हाताने सहज फिरते का, किमान व कमाल उंची अंगावर छापली आहे का आणि जादा भार आल्यास उघडणारी सुरक्षा झडप आहे का, हे पाहावे. दांडा फिरवून सोडताना भुजा धाडकन खाली येते की आपल्या हाताच्या ताब्यात राहते, हे दुकानातच करून पाहावे. युरोपातील ईएन १४९४ किंवा अमेरिकेतील एएसएमई पेस या मानकाचा उल्लेख असल्यास चांगलेच.

प्रश्न : माझ्याकडे एका नातेवाइकांनी दिलेला जुना ट्रॉली जॅक आहे. तो पूर्ण वर जात नाही आणि गाडी उचलल्यावर हळूहळू खाली बसतो. तेल कमी असावे असे वाटते. घरात ब्रेक ऑइलचा डबा आहे, ते चालेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : चालणार नाही. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि ते जॅकमधील रबरी सील फुगवून निकामी करते. हायड्रॉलिक जॅक ऑइल म्हणूनच मिळणारे तेल घ्यावे.

आपण सांगितलेले दोन दोष वेगळे आहेत. पूर्ण वर न जाणे हे तेल कमी असल्याचे किंवा आत हवा अडकल्याचे लक्षण आहे. भुजा पूर्ण खाली ठेवून बाजूचे बूच काढावे, तेल भोकाच्या कडेपर्यंत भरावे, मग सोडण्याची झडप उघडी ठेवून दांडा दहा-बारा वेळा भरभर मारावा, म्हणजे हवा बाहेर पडते. खाली बसणे हे मात्र झडपेच्या गोळीखाली कचरा अडकल्याचे किंवा सील झिजल्याचे लक्षण असते. तेल बदलूनही ते थांबले नाही, तर सील किट टाकून घ्यावे. त्याआधी भुजेला वर ढकलणाऱ्या पिस्टनच्या दांडीच्या चकचकीत भागावरून बोट फिरवावे. खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत भुजा वर राहिलेल्या जॅकच्या दांडीवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि तसे खड्डे लागले तर नवे सीलही काही महिन्यांत कापले जाईल. अशा जॅकवर खर्च करू नये. दांडी स्वच्छ असेल तर दुरुस्ती करून घ्यावी, आणि पुढे जॅक नेहमी भुजा खाली करूनच ठेवावा.

प्रश्न : विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक जॅक घेतल्यास सोयीचे होईल का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : पंप मारण्याचे कष्ट वाचतात, एवढीच सोय आहे. गाडीतील १२ व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज जॅकच्या मोटरच्या ओझ्याने उडू शकतो, म्हणून १२ व्होल्टच्या लहान बॅटरीला थेट चिमटे लावता येतील असाच नमुना पाहावा. अशा गाडीत अधिक जपायची गोष्ट वेगळी आहे. मोठी बॅटरी तळाशी जवळजवळ पूर्ण रुंदीत बसवलेली असते आणि जॅकच्या जागा तिच्या अगदी कडेला येतात. सॅडल दोन-तीन सेंटिमीटर आत सरकले तरी बॅटरीच्या कवचाला दाब बसू शकतो, आणि हा खर्च जॅकच्या किमतीच्या कैक पटींनी असतो. पुस्तिकेत दाखवलेल्या चारही जागा गाडीवर शोधून त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवावा.