'सूचित संमती' आणि एका कलेनं उणा चंद्र

प्रश्न असा आला आहे : औषधचाचणीत मुलाचा होकार घेतात त्या कागदाला 'संमतीपत्र' म्हणावं, 'सहमतीपत्र' की 'अनुमतीपत्र'?

आधी 'informed consent'साठी रुळलेली 'सूचित संमती' हद्दपार करा. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, म्हणून तिकडे ते चालतं. मराठीत सूचित म्हणजे न बोलता सुचवलेलं. रक्त घ्यायला आल्यावर रुग्णानं बाही वर सारली, ही सूचित संमती. धोके, पर्याय, माघारीचा हक्क सगळं समजावून घेतलेल्या सहीला तेच नाव दिलं की अर्थ पार उलटा होतो. 'माहितीपूर्ण'ही नको, माहितीपूर्ण लेख असतो, संमती माहितीपूर्वक असते. सहमती पक्षांत होते, वाटाघाटीनंतर.

आता अनुमती. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश म्हणतो, 'कलाहीने सानुमतिः पूर्णे राका निशाकरे'. चंद्र एका कलेनं उणा असलेली पौर्णिमा ती अनुमती, पुरता भरलेला असलेली ती राका. नैरुक्तांच्या, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्यांच्या मते या दोघी देवपत्नी, याज्ञिकांच्या, म्हणजे यज्ञ जाणणाऱ्यांच्या मते पौर्णिमा. निरुक्तकार यास्क 'अनुमननात्', म्हणजे होकार देण्यावरून, म्हणून मोकळा होतो. मुलाच्या होकाराला याहून नेमका शब्द कुठला? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार पालकांसमोर घेऊन नोंदवायचा, १२ ते १८चा लेखी. तरी कला उणीच. ती पालकांच्या संमतीनं भरते. अभ्यास चालू असताना मूल १८चं झालं की नव्यानं स्वतःची संमती : राका!

परिभाषावाले कुरकुरतात, अनुमती तर वरिष्ठ देतो. मग देऊ द्या की मुलाला! संशोधकानं एकदा खालच्या पायरीवर उभं राहावं. संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीच्या होकारासाठी 'मान्यता' हा शब्द आहेच.

खरी मेख उलट भाषांतरात आहे. संमतीचा मराठी अर्ज दुसऱ्या भाषांतरकाराकडून पुन्हा इंग्रजीत करवून ताडतात. तो दुसराही मुरलेला. 'सूचित संमती' दिसताच सवयीनं मूळचीच इंग्रजी संज्ञा लिहितो. कागद जुळतो, चूक तशीच राहते. म्हणून वैद्यकीय नीतिशास्त्राच्या संशोधनानं आता सह्या मोजण्यापेक्षा आकलन मोजावं : सहभागीला त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचं, अडखळला ते वाक्य बदलायचं, अर्जाचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख बदलून तो पुन्हा समितीपुढे ठेवायचा. जैवपेढीत, म्हणजे रक्त-ऊतींच्या साठ्यात, ठेवलेल्या नमुन्यांवर पुढे कुठलं संशोधन होईल हे आज ठाऊकच नसतं. त्यासाठीची 'व्यापक संमती' ऐकून किती जणांना ती 'सरसकट परवानगी' वाटते, हे तर मराठीत तपासायलाच हवं.