मराठीतून विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स: कॅमेऱ्याआधी शब्दसूची

पहिल्यांदाच कोर्स तयार करताय, तर चित्रीकरणाची तारीख घेण्याआधी पारिभाषिक शब्दांची सूची पक्की करा. ॲक्सिलरेशनला एका व्याख्यानात ‘त्वरण’ आणि दुसऱ्यात ‘प्रवेग’ म्हटलं, तर विद्यार्थ्याला त्या दोन वेगळ्या राशी वाटतात. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आधी पाहा. पहिल्या उल्लेखात इंग्रजी शब्दही सांगा, कारण पुढचे संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीतच असतात.

‘स्वयम्’साठी, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठासाठी, कोर्स तयार करत असाल तर व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वयंमूल्यमापन असे चारही भाग लागतात.

खरा वेळ खातो तो मजकूर. प्राध्यापकांच्या जुन्या नोट्स बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांची आजची प्रमाण संकेतप्रणाली येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये असतात. तशाच चिकटवल्या की वेबपानावर निरर्थक अक्षरं उमटतात. कन्व्हर्टर वापरा, पण नंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरावर तर मुळीच विसंबू नका.

प्रश्नपेढीत रिकाम्या जागा शक्यतो टाळा. मूडलमध्ये (ऑनलाइन कोर्स चालवायच्या प्रणालीत) लघुउत्तर अक्षरशः जुळवलं जातं: ऱ्हस्व-दीर्घ चुकलं किंवा ‘५’ऐवजी ‘5’ आला तरी गुण जातो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसतो मात्र सारखाच! रिकाम्या जागा द्यायच्याच असतील तर मान्य उत्तरांत सगळे पर्याय भरा. नाहीतर बहुपर्यायी प्रश्न बरे.

आणि स्क्रिप्ट मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजीवरून बेतलेलं लांबलचक कर्मणी वाक्य ऐकताना कळत नाही. तोडून दोन करा.