भाषाप्रश्न : ‘पॉसिबल’, ‘प्रॉबेबल’ आणि आपली ‘शक्यता’

प्रश्न : मी कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार पाहतो. एका ग्राहकाला मी लिहिले, ‘देअर इज अ पॉसिबिलिटी दॅट युवर ऑर्डर विल रीच ऑन मंडे.’ सोमवारी माल बहुतेक पोहोचेलच, असे मला सांगायचे होते. त्यावर ग्राहकाने उलट विचारले, की मग खात्रीची तारीख कोणती ते कळवा. माझ्या वाक्यात चूक कोणती?

उत्तर : आपली चूक व्याकरणाची नाही, तोलाची आहे. मराठीतला ‘शक्यता’ हा शब्द फार ऐसपैस आहे. ‘आज पावसाची शक्यता आहे’ असे कोणी म्हटले, की आपण छत्री बरोबर घेतो. म्हणजे ऐकणाऱ्याला त्या शब्दात ‘बहुधा पडेल’ हेही ऐकू येते. ‘पॉसिबिलिटी’ या शब्दात तेवढे बळ नाही. ‘पॉसिबल’चे मूळ ‘करता येणे, समर्थ असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे आणि आजही तो शब्द एवढेच सांगतो, की ही गोष्ट घडायला आडकाठी नाही. ‘प्रॉबेबल’ मात्र ‘पारखणे, सिद्ध करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. पारख करून पाहिली आणि पारडे एका बाजूला झुकलेले दिसले, तरच तो वापरायचा. फासा टाकल्यावर सहा पडणे ‘पॉसिबल’ असते, सहा न पडणे ‘प्रॉबेबल’ असते आणि सात पडणे ‘इम्पॉसिबल’ असते. हे एक उदाहरण नीट ध्यानात राहिले, तर या तीन शब्दांची गल्लत सहसा होत नाही.

तेव्हा आपल्या ग्राहकाने जे वाचले त्याचा अर्थ ‘सोमवारी आला तर आला’ असा होता. आपण ‘युवर ऑर्डर विल प्रॉबेबली रीच यू ऑन मंडे’ किंवा ‘युवर ऑर्डर इज लाइकली टु रीच यू ऑन मंडे’ असे लिहायला हवे होते. (‘रीच’नंतर कोणाला किंवा कुठे ते सांगावे लागते, आपल्या वाक्यात ते राहून गेले आहे.) ‘पॉसिबिलिटी’ हाच शब्द ठेवायचा असेल, तर त्याला विशेषणाचा टेकू द्यावा. ‘स्ट्राँग पॉसिबिलिटी’ म्हटले की पारडे झुकते आणि ‘रिमोट पॉसिबिलिटी’ म्हटले की ते जवळजवळ वर उचलले जाते.

प्रश्न : ‘लाइकली’, ‘प्रॉबेबल’, ‘ऑलमोस्ट सर्टन’ हे शब्द शेकडा किती संभाव्यता दाखवतात? काही ठरलेले प्रमाण आहे का?

उत्तर : रोजच्या बोलण्यात तसे प्रमाण ठरलेले नाही आणि त्यामुळे किती घोटाळा होतो, हे शर्मन केंट या अमेरिकी गुप्तवार्ता-विश्लेषकाच्या अनुभवावरून दिसते. १९५१ साली त्याच्या विभागाने एक अहवाल दिला. युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होणे ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानावी, असे त्यात म्हटले होते. केंटच्या स्वतःच्या मनात हल्ला होण्याच्या बाजूने ६५ आणि विरुद्ध ३५, असे प्रमाण होते. पुढे त्याने अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांच्या मनातला आकडा विचारला, तेव्हा उत्तरे २० पासून ८० पर्यंत पसरलेली निघाली. एकाच शब्दयोजनेला सगळ्यांनी संमती दिली होती आणि प्रत्येकाने तिच्यात वेगळे माप ओतले होते. याच अनुभवातून केंटने शब्दांना आकडे जोडून पाहिले आणि १९६४ साली ते एका निबंधात मांडले. त्यात ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे सुमारे ९३ टक्के, ‘प्रॉबेबल’ म्हणजे सुमारे ७५ टक्के आणि ‘प्रॉबेबली नॉट’ म्हणजे सुमारे ३० टक्के असे धरले होते आणि प्रत्येक आकड्याला थोडी पुढे-मागे सूट होती.

काही क्षेत्रांनी आपापली मापे ठरवून घेतली आहेत. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे किमान ९९ टक्के. युरोपातील औषधांच्या माहितीपत्रकांत तर साधे वाटणारे शब्दही बांधून टाकलेले आहेत. तिथे ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणजे शंभरात किमान एकाला, पण दहांत एकापेक्षा कमी जणांना होणारा. व्यवहारात ‘कॉमन’ म्हणजे ‘सर्रास होणारे’, आणि तोच अर्थ मनात धरून माहितीपत्रक वाचणारा रुग्ण विनाकारण घाबरतो. म्हणून आकडा हाताशी असेल, तर तो शब्दाच्या शेजारी लिहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. माझे विद्यार्थी ‘ही इज पॉसिबल टु कम’ असे लिहितात. हे चूक आहे हे मला ठाऊक आहे. परंतु ‘ही इज लाइकली टु कम’ बरोबर कसे, हे त्यांना समजावता येत नाही.

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांना आधी मराठी वाक्याकडेच पाहायला सांगावे. ‘तो येणे शक्य आहे’ या वाक्यात शक्य काय आहे? ‘तो’ नव्हे, त्याचे ‘येणे’. माणूस शक्य किंवा अशक्य नसतो, घटना असते. आणि इंग्रजीतही नेमके तेच आहे. म्हणून ‘इट इज पॉसिबल दॅट ही विल कम’ असे लिहावे लागते. ‘इट इज पॉसिबल फॉर हिम टु कम’ हेही शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ ‘त्याला येता येण्याजोगे आहे’ असा होतो. तो येईल की नाही, याविषयी ते वाक्य काही बोलत नाही. ‘प्रॉबेबल’लाही माणूस कर्ता म्हणून चालत नाही. ‘लाइकली’ला मात्र दोन्ही रचना चालतात, आणि ही सवलत त्या शब्दाची स्वतःची आहे, अर्थावरून ती काढता येत नाही, हे विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगावे.

‘शुअर’च्या बाबतीत तर रचना बदलली की खात्री कोणाची, हेच बदलते. ‘ही इज शुअर टु विन’ म्हणजे तो जिंकणार अशी बोलणाऱ्याची खात्री. ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’ म्हणजे आपण जिंकू अशी त्याची स्वतःची खात्री. वर्गात ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

प्रश्न : ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’, ‘कॅन’ आणि ‘मस्ट’ यांपैकी केव्हा कोणते वापरावे?

उत्तर : मराठीत आपण ‘असेल’ या एकाच रूपावर सारा कारभार चालवतो आणि उरलेले काम आवाजावर सोडतो. फोन वाजतो आहे आणि कोणी उचलत नाही. ‘झोपला असेल’ असे आपण खांदे उडवून म्हणतो, तेव्हा तो एक अंदाज असतो. इंग्रजीत तिथे ‘ही मे बी स्लीपिंग’, ‘माइट बी’ किंवा ‘कुड बी’ यांपैकी काहीही चालेल. रात्रीचे दोन वाजले आहेत, तो रोज दहाला झोपतो आणि आपण म्हणतो, ‘अहो, झोपला असेल तो!’ हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष झाला. इथे ‘ही मस्ट बी स्लीपिंग’ हवे. या निष्कर्षाची उलट बाजू ‘कान्ट बी’ने दाखवतात. ‘मस्टन्ट’ सहसा मनाई करण्यासाठी येते.

‘कॅन’ हे त्या त्या वेळच्या अंदाजासाठी चालत नाही, त्यामुळे ‘ही कॅन बी स्लीपिंग’ हे वाक्य इथे बसणार नाही. एखाद्या गोष्टीचा एकंदर स्वभाव सांगायचा असेल, तर मात्र ते अचूक बसते. ‘चिल्ड्रन कॅन बी स्टबर्न’ म्हणजे मुले कधीकधी हट्टी होतात. ‘माइट’ हे ‘मे’पेक्षा दुबळे, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते, पण आजच्या बोलण्यात तो फरक फारसा उरलेला नाही. नकारात मात्र ‘माइट नॉट’ अधिक निर्धोक, कारण ‘यू मे नॉट गो’ याचा अर्थ ‘तुला जाण्याची परवानगी नाही’ असाही होतो.

सर्वांत सांभाळायचे ते ‘कुड हॅव’. ‘ही कुड हॅव फॉलन’ याचे मराठीत ‘तो पडला असेल’ असेही होते आणि ‘तो पडला असता’ असेही होते. पहिल्या वाक्यात काय झाले ते ठाऊक नाही. दुसऱ्यात तो पडला नाही, हे ठाऊक आहे. मराठी हा भेद एका प्रत्ययाने चोख दाखवते, इंग्रजी तो संदर्भावर सोपवते. पहिलाच अर्थ हवा असेल, तर ‘ही मे हॅव फॉलन’ लिहावे, म्हणजे गोंधळाला जागा राहत नाही.

प्रश्न : ‘मला शंका आहे, की त्यानेच पैसे घेतले’ याचे इंग्रजी ‘आय डाउट दॅट ही टुक द मनी’ असे होईल का?

उत्तर : होणार नाही, अर्थ अगदी उलटा होईल. ‘आय डाउट’ म्हणजे ‘मला तसे वाटत नाही’. आपल्या वाक्यावरून इंग्रजी वाचक असे समजेल, की आपण त्या माणसाची बाजू घेत आहात. इथे ‘आय सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी’ हवे. मराठी ‘शंका’ दोन्हीकडे वळते. ‘तो येईल की नाही, शंकाच आहे’ यात ‘डाउट’ बसते, तर ‘त्यानेच केले असावे अशी शंका आहे’ यात ‘सस्पेक्ट’. लिहिण्यापूर्वी आपला कल ‘झाले असावे’ याकडे आहे की ‘झाले नसावे’ याकडे, ते स्वतःला विचारावे आणि मगच क्रियापद निवडावे. विशेषतः कोणावर आरोप येणार असेल किंवा कोणाची त्यातून सुटका होणार असेल, तेव्हा ‘शंका’ या शब्दाचे थेट भाषांतर करूच नये.