विचारा सरांना : क्लब, सावली आणि लेझर

प्र. सर, नमस्कार. आम्ही ताळगावला एम.एस्सी. भौतिकशास्त्र करतो. आमचा विद्यार्थ्यांचा फिजिक्स क्लब आहे. विज्ञानाच्या बातम्या फलकावर लावतो, व्हॉट्सॲपवर टाकतो. अंगठे ढीगभर येतात, कार्यक्रमाला मात्र आम्हीच पाच-सहा जण. काय करावं?
– क्लबची चिटणीस

उ. बातम्या पुढे ढकलणारे काका-मामा घरोघरी आहेत. त्यात तुमची भर कशाला? फिजिक्सचा क्लब म्हटला की त्यानं काहीतरी मोजलं पाहिजे. मग बघ, माणसं येतात की नाही.

मे महिन्याच्या २ किंवा ३ तारखेला पणजीत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. पण घड्याळात बारा वाजले म्हणून धावू नका. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पणजी त्याच्या पश्चिमेला ७३.८ अंशांवर. त्यामुळे आपली खरी माध्यान्ह तेव्हा साडेबाराच्या दोनेक मिनिटं पुढे होते. एक मीटर लांबीचा, इंचभर व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या आणि गवंड्याकडून ओळंबा मागून तो फरशीवर सरळ उभा करा. (मिरामारच्या वाळूत नको, फोटो छान येतील पण पाइप कलेल.) माध्यान्हीला पाइपची बाहेरची सावली नाहीशी होते आणि आत, तळाला, उन्हाची गोल चकती पडते. काही मिनिटांत ती कडेला सरकते. हे बघायला शिपाईसुद्धा थांबतो.

एवढ्यावर सोडू नका. मुंबईत कुणाची तरी मावशी असतेच. तिला त्याच दिवशी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास मीटरभर काठीची सावली मोजायला सांगा. सहा सेंटिमीटरच्या आसपास येईल, म्हणजे तिथे सूर्य डोक्यापासून ३.६ अंश कललेला. पृथ्वीच्या ३६० अंशांच्या गोलातला पणजी ते मुंबई हा तुकडाही तेवढ्याच अंशांचा. मुंबई जवळपास आपल्या सरळ उत्तरेला आहे. दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४०० किलोमीटर. ते नकाशावरून घ्या, महामार्गाच्या वळणांचे किलोमीटर चालणार नाहीत. ३६० भागिले ३.६ म्हणजे १००, गुणिले ४००. पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटर! एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हीच युक्ती केली होती.

तुमचं उत्तर इतकं नेटकं येणार नाही. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी. त्यामुळे सावलीची कड जवळजवळ सेंटिमीटरभर पुसट असते. ३६ हजार आले तर ३६ हजारच फलकावर लावा आणि खाली चूक कुठून आली ते लिहा. त्यावर वाद घालायला लोक येतील. ऑगस्टच्या १० तारखेच्या सुमाराला दुसरी संधी असते, पण तेव्हा गोव्यात ऊन पडलं तर!

प्र. मुलगी बी.एस्सी.ला आहे. क्लबच्या दुर्बिणीपायी रात्री उशिरापर्यंत कॉलेजच्या गच्चीवर असते. मार्क कमी होतील का?
– एक आई, डिचोली

उ. वहिनी, पावसाचे चार महिने दुर्बीण कपाटातच असते, तेव्हा अभ्यासाला उसंत मिळते. परतताना सोबत कोण असतं ते मात्र विचारा. एकदा तुम्हीही गच्चीवर जा, गुरूचे चार चंद्र बघा, मग बोलू.

प्र. भाच्याच्या क्लबात गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाशच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लाटांवर, व्याख्यान झालं. चार किलोमीटर लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतका फरक मोजला म्हणे! ट्रक गेला तरी इमारत हादरते, हे मी जन्मभर पाहिलंय. कसं पटावं?
– निवृत्त ओव्हरसियर, काणकोण

उ. ओव्हरसियरसाहेब, शंका रास्त आहे. हा फरक लेझर आणि दूरवरच्या आरशांनी मोजतात. शास्त्रज्ञांनाही ट्रकचीच धास्ती, म्हणून ते आरसे लंबकाला लंबक जोडून टांगलेत. शिवाय अमेरिकेत अशा वेधशाळा दोन, लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड, एकमेकींपासून ३,००० किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ला लिव्हिंग्स्टनला लहर टिपली गेली, ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला तशीच्या तशी. दोन्हीकडून एकच ट्रक इतक्या पटकन जाईल कसा?

वेधशाळेची हीच युक्ती घरी छोट्या प्रमाणात करता येते. भाच्याला एक काम सांगा. कडाप्प्याची लादी, तिच्याखाली थोडी हवा भरलेली स्कूटरची ट्यूब, वर लाल लेझर पॉइंटर, प्रकाशाचे दोन भाग करणारी काच आणि दोन आरसे, दोन्ही जवळजवळ सारख्या अंतरावर. जुळवताना घाम फुटेल, पण जमलं की भिंतीवर काळे-लाल पट्टे दिसतात. लादीवर बोट टेकवा, पट्टे सरकतील. एक पट्टा सरकला म्हणजे आरसा मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतका हलला. जाड दगड बोटानं वाकतो, हे तुम्हालाच जास्त पटेल. लेझरमध्ये डोळा घालून बघू नका.

अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रानं २०२३ साली मंजुरी दिली. बांधकाम म्हटलं की तुमचा विषय. भाच्याला त्यातलं समजावा. आणि ट्यूब जुनी चालेल, नवी घेऊ नका.