नसलेल्या घराण्याची चित्रं

प्रश्न : मध्यंतरी एका प्रदर्शनात यिन्का शोनिबारे या ब्रिटिश-नायजेरियन कलाकाराचे मोठे फोटो-प्रिंट्स पाहिले. त्यात तो स्वतःच व्हिक्टोरियन काळातला उमराव झालाय आणि गोरे नोकर त्याच्या दिमतीला. बघायला भारी वाटलं, पण असं घराणं तर कधी नव्हतंच, मग ही नुसती नटायची हौस नाही का? आणि प्रिंट म्हणजे शेवटी कॉपीच ना, तिला ओरिजिनल कसं म्हणायचं?

उत्तर : तुम्ही पाहिलेली मालिका ‘डायरी ऑफ अ व्हिक्टोरियन डँडी’, १९९८ ची. डँडी म्हणजे नटूनथटून मिरवणारा छानछोकीचा माणूस. पाच फोटो, आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे नुसती वेळ. सकाळी ११ च्या फोटोत हा अजून पलंगावरच आणि नोकरमाणसं त्याच्याभोवती जमलेली, दुपारी २ च्या फोटोत लायब्ररीत उभा आणि बाकीची मंडळी त्याच्याकडे कौतुकाने बघतायत. पुन्हा बघाल तेव्हा ते चेहरेच बघा, ‘हा इथे कसा?’ असं कुणाच्याही चेहऱ्यावर नाही. माझ्या मते खरी फँटसी ती आहे, भारी कोट आणि पलंग नाही.

घराणं नव्हतं हे अगदी मान्य. पण खऱ्या उमरावांची जी पोर्ट्रेट्स आपण खरी धरतो तीसुद्धा ठरवून बसवलेलीच असायची ना, कपडे कुठले, मागे किती जमीन दिसली पाहिजे, कुत्रा कुठे बसवायचा, सगळं ठरवून, आणि ज्या वसाहतींच्या जिवावर त्यातला बराचसा थाट चालायचा तिथली माणसं बहुतेक वेळा चित्राबाहेरच. शोनिबारे जन्मला लंडनला १९६२ मध्ये आणि वाढला नायजेरियातल्या लेगॉसला, तो सरळ मधली खुर्ची घेतो. याला हौस म्हणायला माझं मन धजत नाही.

त्याच्या बाकीच्या कामात दिसणारं रंगीत कापड आठवा. त्याला डच वॅक्स म्हणतात. पद्धत इंडोनेशियाच्या बाटिकची, म्हणजे मेण लावून कापड रंगवायची, मशीनवर छापलं डचांनी, खपलं पश्चिम आफ्रिकेत आणि आता सगळे त्याला अस्सल आफ्रिकन म्हणून ओळखतात, शोनिबारे मात्र ते आणायचा लंडनच्या ब्रिक्स्टन मार्केटमधून. अस्सल ओळख म्हणतो ती अशी चार हातांतून फिरून आलेली असते.

टोयिन ओजी ओडुटोला ही चित्रकार तर याच्याही पुढे गेली. जन्म नायजेरियाचा, वाढली अमेरिकेत. तिने नायजेरियातली दोन खानदानी घराणी चक्क मनाने रचली, दोन्हीकडच्या वारसांचं, म्हणजे दोन पुरुषांचं, एकमेकांशी लग्न लावलं आणि न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये २०१७ मध्ये त्यांची चित्रं लावताना स्वतःला त्या घराण्याची डेप्युटी प्रायव्हेट सेक्रेटरी म्हणवून घेतलं. ती प्रिंट्स नाहीत, कोळसा, पेस्टल, पेन्सिलची कामं आहेत, पण तुमच्या प्रश्नाला धरून आहेत म्हणून सांगतेय. नायजेरियात असं लग्न २०१४ पासून कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे हे कल्पनेतलं घराणं किती मोठी गोष्ट मागतंय ते लक्षात येईल.

आता कॉपीचं. पेंटिंगचा फोटो काढून पोस्टर छापलं तर ती कॉपी. इथे आधी हाताने काढलेलं चित्र नाहीच, त्यामुळे कलाकाराने ठरवून काढलेला प्रिंट हेच मूळ काम. असे प्रिंट्स बहुतेक वेळा मोजकेच काढतात, त्याला एडिशन म्हणतात, ३/५ म्हणजे पाचातला तिसरा. शोनिबारेच्या या मालिकेमागे प्रेरणा आहे ती अठराव्या शतकातल्या विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ची, एका उधळ्या तरुणाची गोष्ट सांगणाऱ्या आठ चित्रांची. होगार्थने त्यांची एनग्रेव्हिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले प्रिंट्स, १७३५ मध्ये विकायला काढली, तेही प्रिंट्सच्या कॉपीराइटचा कायदा लागू होईपर्यंत थांबून, कारण नकला करणारे टपून बसलेले. पेंटिंग एकाच्याच भिंतीवर, प्रिंट कितीतरी घरांत.

डँडीही आधी गॅलरीत आला नव्हता. १९९८ मध्ये त्याची पोस्टर्स लागली लंडन अंडरग्राउंडच्या स्टेशनांवर, जिथे ट्रेनची वाट बघणाऱ्या कुणालाही तो तिकीट न काढता भेटत होता, म्हणजे ट्रेनचं सोडून.